आजोबांना एकच नातू

बरेच दिवस झाले, इथे काही खरडलं नाही. मध्यंतरी दोघा-तिघा ब्लॉगमित्रांनी विचारलंही, "दुकान बंद केलंत की काय?" नाही हो. गेम खेळत होतो. हे वाचून आमच्या आत्याबाई चष्मा नाकावर सरकवत म्हणणार, "पंचेचाळिशी आली तरी याचं पोरपण सरत नाही." त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो, यातले दोन गेम शेतीचे आहेत. म्हणजे वेळ अगदीच वाया गेलेला नाही. :)

तर मंडळी, गेल्या पाच-सहा महिन्यांत रात्री जेवणं उरकली की तासभर, शनिवारी जरा जास्त, असं करत जे काही खेळलो त्यावरची ही मतं. ग्राफिक्सला इतके मार्क, आवाजाला तितके, असलं परीक्षण मला जमत नाही आणि ते वाचायला दुसरीकडे ढीगभर मिळतं. नगरला सावेडीत बसून खेळणाऱ्या (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं) आणि राहुरी तालुक्यातल्या एका सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला हे गेम कसे दिसले, एवढंच लिहितोय.

आधी आपल्या माणसांपासून सुरुवात करू. 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० साली आलेला गेम. मी नेहमीप्रमाणे उशिरा खेळलो. राजी नावाच्या मुलीच्या धाकट्या भावाला, गोलूला, दानव पळवून नेतात आणि ती देवांनी दिलेली शस्त्रं घेऊन त्याच्या मागावर निघते. मधूनमधून दुर्गा आणि विष्णू वरून गप्पा मारत कथा सांगतात. पहाडी चित्रांसारखी रंगसंगती, राजस्थानी महाल, मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून. दिसायला फार सुंदर आहे हो! नुसता महाल बघत मी एकदा पाच मिनिटं उभा होतो. २०१७ साली यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो जमला नाही. तरी नेटाने पूर्ण केला, त्याबद्दल सलाम.

पण आता रोखठोक. मारामारी तेवढ्यास तेवढी. शेवट असा अचानक येतो की वीज गेली की काय असं वाटतं. आणि मी खेळलो त्यात सगळे देव इंग्रजीत बोलत होते. पुण्यात बसून केलेल्या गेममध्ये राजस्थान दिसलं आणि इंग्रजी ऐकू आलं, याचं मला वाईट नाही पण नवल वाटलं. पाच-सहा तासांत संपतो. खेळाच.

पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' भाच्याने बळंच खेळायला लावला. मोबाईलवरचा, २०२४ चा, सगळ्यांनी सगळ्यांना मारायचं या जातीचा. उतरलो, एक बंदूक उचलली, मेलो. पुन्हा उतरलो, या वेळी बंदूकही मिळाली नाही. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही राहू द्या." राहू दिलं. माझ्या वयाच्या माणसाचं त्यावरचं मत कुणी विचारू नये.

हे दोन्ही खेळताना एक गोष्ट मात्र डोक्यात आली. आपल्याकडचे लोक गेम करायला बसले की एक तर देव-दानव, नाही तर बऱ्याच पुढचा भविष्यकाळ. किंवा मग इतिहास. तोही दुसऱ्यांनी केलेला. 'एम्पायर : टोटल वॉर' या २००९ च्या इंग्रजी गेममध्ये मराठे घेऊन १७०० सालापासून खेळता येतं, आणि नगरच्या माणसाला त्यात मजा येते, कारण त्यानंतर सातच वर्षांनी औरंगजेब मेला तो इथेच, भिंगारला. पण सध्याचा काळ, म्हणजे बँकेचं पासबुक, कालव्याचं पाणी, लग्नाच्या पत्रिका आणि भाऊबंद, हा कुणाला गेमचा विषयच वाटत नाही. शेतीवरचे सगळ्यात गाजलेले दोन गेम करून दिले ते एका अमेरिकन पोराने आणि स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने. त्यांच्याकडे वळण्याआधी ट्रकचं दोन ओळींत उरकतो.

'युरो ट्रक सिम्युलेटर २' जुना आहे, २०१२ चा, प्रागच्या लोकांनी केलेला. ट्रक घ्या, माल भरा, जर्मनीतून फ्रान्सला न्या, बस्स. लाल सिग्नल तोडला की दंड आपोआप कापला जातो. बायको मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "दर रविवारी नगर-मनमाड रोडने राहुरीला जातोस की, यात वेगळं काय?" वेगळं एवढंच की यात रस्ता आहे. हंगामात रात्री आठनंतर आमच्या त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेपवर गाणी. आख्ख्या युरोपात तसा एकही भेटला नाही. झोप आणणारा गेम आहे, चांगल्या अर्थाने. डॉक्टरांनी लिहून द्यावा असा.

असो. आता शेती.

'स्टारड्यू व्हॅली' २०१६ साली आला. एरिक बरोन नावाच्या माणसाने चित्रं, संगीत, गोष्ट, प्रोग्रॅमिंग असं सगळं एकट्याने, चार वर्षांहून जास्त खपून केलं. जुन्या व्हिडिओ गेमसारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं. गोष्ट अशी, की तुम्ही जोजा नावाच्या बड्या कंपनीत खुर्चीला खिळून नोकरी करता आहात. एक दिवस कंटाळून टेबलाचा खण उघडता, तर त्यात आजोबांनी मरण्यापूर्वी दिलेलं पाकीट. पाकिटात पत्र, पत्रात शेत. नोकरी सोडून तुम्ही गावी जाता, रान माजलेलं शेत साफ करता, पार्सनिप लावता (आपल्या गाजराचा लांबचा चुलतभाऊ), गावकऱ्यांशी ओळखी करता, वाटल्यास लग्नही. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत बसलेल्या आणि गावाकडे चार एकर असलेल्या किती जणांच्या मनात हेच पाकीट असेल!

गेम म्हणून तो उत्तम आहे, हे आधी कबूल. झारीने एकेका रोपाला पाणी घालावं लागतं, आणि घालता घालता अंगातली ताकद संपते, ती उजवीकडच्या पट्टीवर दिसते. पहिल्या वसंतात पंधरा रोपांना पाणी घालून माणूस दमतो हे ज्याने लिहिलं त्याला कष्ट म्हणजे काय ते कळलेलं आहे. ऋतू बरोबर अठ्ठावीस दिवसांचा. ऋतू बदलला की उभं पीक एका रात्रीत वाळून जातं. हेही ठीक.

पण बाकीचा हिशेब बघा. माल घरासमोरच्या पेटीत टाकायचा, झोपायचं, सकाळी उठलं की पैसे जमा. टीव्हीवर उद्याच्या हवामानाचा अंदाज सांगतात आणि तो बरोबर येतो!! रात्री दोन वाजेपर्यंत अंथरुणात पोचला नाहीत तर जागेवर चक्कर येऊन पडता. हे वाचून आमच्या गावातली मंडळी हसतील. रात्रपाळीची लाईट असली की रात्री दोनला तर आमच्याकडे दारं धरायला उभं राहावं लागतं. गुडघाभर चिखलात, एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी, आणि उसाच्या सरीत पलीकडे काय खुसपुसतंय याकडे कान.

या सगळ्याकडे मी काणाडोळा करायला तयार आहे. एका गोष्टीकडे मात्र होत नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा भूत होऊन येतात, तुम्ही शेत कसं सांभाळलं ते बघतात आणि त्यानुसार मेणबत्त्या पेटतात, जास्तीत जास्त चार. माझ्या तीन पेटल्या. छान वाटलं. मग झोपताना विचार आला, या आजोबांना नातू एकच कसा? चुलते कुठे गेले? आत्या? पत्र एकालाच, शेत एकाचंच, वारसनोंद नाही, हरकत नाही, तलाठी नाही. त्या खोऱ्याची सगळी शांतता या एका गोष्टीवर उभी आहे.

आमच्या आजोबांच्या नऊ एकरांच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातलं एक माझं. शेती करतो एकच जण, थोरल्या चुलत्यांचा मुलगा. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो.

आणि इथून पुढे 'फार्मिंग सिम्युलेटर'. याच्यावर जरा सविस्तर लिहिणार आहे, कंटाळा आला तर चहा करून या.

स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा हा गेम. दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पंचवीस क्रमांकाच्या आवृत्तीत भातही लावता येतो आणि म्हशीही पाळता येतात. माझा लॅपटॉप म्हातारा असल्यामुळे माझ्याकडे मात्र बावीस क्रमांकाची, म्हणजे नोव्हेंबर २०२१ ची. तीच पुन्हा उघडून बसलो होतो. हा 'स्टारड्यू'सारखा गोड गेम नाही. हा यंत्रांचा गेम आहे. खऱ्या कंपन्यांचे खरे ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्रं, आणि त्यांना जोडायचं, ओढायचं, धुवायचं. बारा महिने नांगरट चालू. ज्याला ट्रॅक्टरचा आवाज आवडत नाही त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

यात ऊस आहे! हे कळल्याबरोबर मी बाकी काही न बघता ऊसच लावला. राहुरीकडचा माणूस दुसरं काय लावणार? लागवडीचं यंत्र मागे जोडायचं, बेणं भरायचं आणि सरळ जायचं. एकदा लावला की तोडल्यावर पुन्हा फुटतो, म्हणजे खोडवा यांना माहीत आहे, शाबास. पण तेवढंच. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असली भानगड नाही. कोएम ०२६५ लावू की ८६०३२, हा आमच्याकडे पारावर दोन तास चालणारा वाद इथे नाही. (०२६५ म्हणजे 'फुले २६५', आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा.) बांधणी नाही. आणि पाणी? पाणी नाहीच! उसाला पाणी लागतं ही गोष्टच या गेमच्या गावी नाही. मुळा धरण किती भरलं, आवर्तन कधी सुटणार, कोणाच्या चारीला किती दिवस, हे पेपरात पहिल्या पानावर वाचत मोठे झालेले आम्ही, आणि इथे ऊस नुसता पावसावर उभा.

तोडणीला मजूर हवे असतील तर कीबोर्डवर एच दाबायचा. एक माणूस हवेतून येतो, यंत्रावर बसतो आणि कामाला लागतो. मजुरी मिनिटामिनिटाला कापली जाते. तो उचल मागत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावातून आणि पलीकडच्या बीडमधून दिवाळीनंतर कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि पोरंही सोबतच. मुकादमाने उचल आधीच घेतलेली असते, ती फेडण्यात अर्धा हंगाम जातो. पाचटाच्या खोपी, पहाटे चारची थंडी, वाढ्याच्या मोळ्या. गेममधला तो एच दाबल्यावर येणारा माणूस यातल्या कुठल्याच गावचा नाही. त्याला चेहरा आहे, पण बायको नाही, शाळा सुटलेली मुलगी नाही. सगळ्यात स्वस्त सोडवणूक गेमने इथे केली आहे, असं माझं स्पष्ट मत.

मग ऊस विकायचा. ट्रॉली विक्रीच्या जागेवर नेऊन उलटी केली की पैसे त्याच क्षणी खात्यात. कायद्याने, म्हणजे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने, आपल्याकडे चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. तेवढं सांगून पुढे जातो, कारण वाचकांत दोन-तीन सभासद आहेत आणि त्यांचं रक्त उगाच तापायला नको. साखरेचा उतारा नाही, सव्वादहा टक्क्यांना इतकी एफआरपी (२०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये) आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा, असला हिशेब नाही. चलन डॉलर, युरो किंवा पौंड; रुपया नाही. आणि सगळ्यात थोर गोष्ट म्हणजे ऊस लिटरमध्ये मोजतात. हो, लिटरमध्ये! या गेममध्ये गहू, ऊस, सगळंच लिटरमध्ये. त्यामुळे काटाच नाही, आणि काटाच नाही म्हटल्यावर काटा मारायचा प्रश्न मिटला. :)

थोडे पैसे जमल्यावर मी कारखाना विकत घेतला.

मंडळी, हे वाक्य लिहिताना माझा हात थरथरला. जिल्ह्यात लोणीला प्रवरेचा कारखाना उभा राहिला १९५० साली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ पहिला अध्यक्ष झाला. त्यानंतर इथे आमदारकी, खासदारकी, कॉलेजं, दवाखाने, भांडणं, सोयरिकी, सगळं कारखान्याच्या चिमणीभोवती फिरलं. आणि इथे मी रात्री साडेदहाला, पायजम्यात, माऊसच्या एका टिचकीने साखर कारखान्याचा मालक! ऊस टाकला की साखर बाहेर. मीच एकटा सभासद, मीच चेअरमन, मीच विरोधी पॅनेल. सर्वसाधारण सभा बिनविरोध पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला सांगितलं तर म्हणाली, "मग आता दूध आणायला चेअरमनसाहेब जाणार का?"

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मला हा गेम आवडला नाही. मलाही असंच लिहायचं होतं. पण हा गेम मी घेतला २०२२ साली, आणि त्या वर्षी तो माझ्याआधी दादाने खेळला. त्यामुळे माझं मत जरा अडखळतं.

२०२१-२२ चा हंगाम आठवतोय? राज्यात इतका ऊस झाला होता की साखरेच्या उत्पादनात महाराष्ट्राने उत्तर प्रदेशलाही मागे टाकलं. बातम्यांत विक्रम. शेतात मात्र ऊस तसाच उभा. एप्रिल गेला, मे आला, कारखाने जूनपर्यंत चालले. उशिरा गाळप झालेल्या उसाच्या घटलेल्या उताऱ्यापोटी टनाला दोनशे रुपये देण्याची वेळ सरकारवर आली, यावरून काय ते समजा. दादाचा चार एकर आडसाली जुलै २०२० चा. सोळा-अठरा महिन्यांत जायला हवा होता, त्याला बाविसावा लागला. तुरे येऊन गेले. आतून पोकळ पडायला लागला. रोज सकाळी गट ऑफिसला चक्कर, रोज उत्तर तेच, "तुमच्या नोंदीचा नंबर आला की टोळी देतो." टोळ्या एकरी वरचे पैसे मागत होत्या. आजूबाजूच्या काहींनी ऊस पेटवून दिला. जळालेला ऊस लवकर नेतात, पैसे थोडे कापून.

त्याच मे महिन्यात वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नगरला झालं. दादा पाच रात्री आमच्याकडे मुक्कामी. दिवसभर दवाखाना, रात्री घरी. आणि झोप नाही. दारं धरून धरून पंचवीस वर्षांत त्याची रात्रीची झोप मोडलेलीच आहे, त्यात ही काळजी. पहिल्या रात्री बारा वाजता मी पाणी प्यायला उठलो तर अंधारात सोफ्यावर बसून फोनकडे बघत होता. मुकादमाचा फोन येईल म्हणून. मला दुसरं काही सुचलं नाही. लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "दादा, हे बघ, ट्रॅक्टर."

सुरुवातीला तो नुसता बघत होता. प्रश्न मात्र फाडफाड. "एवढ्या ट्रॅक्टरला डिझेल किती खातं?" (आमचा पंचेचाळीस एचपीचा. गेममधला चारशेचा.) "बांध कुठंय?" बांध नाही, दादा. "मग शेजारी कुठून कोरतो?" कोणी कोरत नाही. "रात्री वाघ येत नाही का?" आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. नाही येत. शेत विकत कसं घ्यायचं ते दाखवलं. नकाशावर शेतावर टिचकी मारायची, किंमत दिसते, घ्या म्हणायचं. झालं. सातबारा नाही, फेरफार नाही, सह्या नाहीत. तो बराच वेळ त्या नकाशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरंय. इथं कुणाची सही लागत नाही."

मी काही बोललो नाही. नऊ एकर, अकरा नावं. पीक कर्ज घ्यायचं, पाइपलाइनसाठी अर्ज करायचा, की दादाला संमतीपत्रं गोळा करत नगर, पुणे, ठाणे, नाशिक करावं लागतं. आम्ही सगळे सही देतो. पण देतो म्हणजे तो मागायला येतो तेव्हा देतो.

मग त्याने माऊस घेतला. मी म्हटलं, ऊस लाव. त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हणालो नाही. त्याने गहू घेतला. आधी नांगरट. पहिल्या रात्री तीन वाजेपर्यंत त्याने एकच शेत नांगरलं. हेल्पर लावता येतो म्हटलं, तर नको म्हणाला. नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळून परत. आणि इतके सरळ तास! माझ्या शेतात सगळे वेडेवाकडे, त्याचे दोरी लावल्यासारखे. दुसऱ्या रात्री ढेकळं फोडली. तिसऱ्या रात्री पेरणी. पावसाचं चिन्ह दिसलं की गाडी थांबवायचा आणि पडद्यावरच्या आभाळाकडे बघत बसायचा. खत टाकताना पोत्याची किंमत बघून म्हणाला, "इथं लिंकिंग नाही वाटतं." (युरिया हवा तर सोबत हेही घ्या, ते लिंकिंग. ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत.)

मी शेजारी पेपर चाळत बसायचो. चौथ्या रात्री त्याला म्हटलं, "दादा, दिवसभर हेच करतोस आणि रात्री पण हेच? कंटाळा नाही येत?"

तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "हेच कुठं करतो मी? मी दिवसभर फोन करतो, चकरा मारतो, लोकांच्या पाया पडतो. नांगरट एवढी निवांत कधी केली ते आठवत पण नाही."

आता सांगा, काय मत देऊ या गेमवर? मी ज्या ज्या गोष्टी नाहीत म्हणून वर नावं ठेवली, पाणी नाही, काटा नाही, टोळी नाही, भाऊबंद नाहीत, त्या नाहीत म्हणूनच तो तिथे बसला होता. माझ्यासारख्याला गेममध्ये शेतीतला त्रास हवा असतो, म्हणजे ते खरं वाटतं. दादाला शेतीतली शेती हवी होती. तरी मी त्या एच बटणाबद्दलचं मत मागे घेत नाही. मजूर हवेतून येतो हे दाखवणं मला पटत नाही ते नाहीच. पण योगायोग बघा, दादाने ते बटण एकदाही दाबलं नाही.

ऊस गेला मे महिन्याच्या शेवटी. दादाला एकरी साठ टन धरून दोनशे चाळीसची अपेक्षा होती. एकशे बहात्तर टन भरला. त्यातून टोळीला दिलेले वरचे पैसे वेगळे, त्याची पावती कुठे नसते. त्यानंतर दादाने ऊस निम्मा केला. आता दोन एकर ऊस, बाकी कांदा, सोयाबीन आणि घासाचा एक तुकडा.

नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून दिवाळीत निघालेल्या विषयावर इथेच बोलतो. रस्त्यालगतच्या जमिनींचे भाव वाढलेत, वाटप करून ज्याचं त्याला देऊन टाकावं, असं काही जणांचं म्हणणं पडलं. म्हणणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही. कोणाला पोरांची शिक्षणं आहेत, कोणाचं घराचं कर्ज आहे, आणि हक्क तर आहेच. आत्याबाईंचाही आहे, तो तर आधी. मी माझ्या एका नावापुरतं सांगतो. दादा शेती करतोय तोपर्यंत मी वाटप मागणार नाही, आणि कर्जाला किंवा पाइपलाइनला माझी संमती लागेल तेव्हा कागद घेऊन मी राहुरीला जाईन. त्याने सावेडीला यायचं नाही. बाकीच्यांनी काय करावं हे बाकीच्यांनी ठरवावं. कॉमेंटमध्ये भांडू नका, फोन करा.

हां, तर गेम. 'फार्मिंग सिम्युलेटर २२' जुन्या लॅपटॉपवरही चालतो, सेलमध्ये स्वस्तात मिळतो. घरात एखादा खरा शेतकरी असेल तर त्याच्यासाठी घ्या, ऊस मात्र लावायला सांगू नका.

परवा भाचा आला होता. त्याला त्याचा काहीतरी प्रचंड गेम माझ्या लॅपटॉपवर टाकायचा होता, जागा पुरेना. जुन्या गेमच्या फायली बघता बघता म्हणाला, "मामा, हे 'दादा' नावाचं सेव्ह कुणाचं आहे? यात नुसता हिरवा गहू उभाय. कापून विकू का?"

मी म्हटलं, थांब, विचारतो. फोन लावला. दादा कांद्याच्या रोपाला पाणी देत होता, मागे मोटारीचा आवाज. त्याला आधी कळेचना कुठला गहू. मग कळल्यावर विचारलं, "किती झालाय?"

"होता तेवढाच आहे, गुडघ्याएवढा. आपण उघडत नाही तोवर तिथला दिवस पुढे सरकत नाही."

"मग राहू दे की," दादा म्हणाला, "त्याला काय पाणी लागतंय."

भाच्याला त्याचा गेम टाकायला मी माझा साखर कारखाना असलेलं सेव्ह उडवून दिलं.